कुठपर्यंत आलं?

लखनौच्या दास्तानगोंबद्दल, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या उस्तादांबद्दल, एक आख्यायिका उर्दूच्या जाणकारांच्या तोंडी आजही असते. एका रईसाच्या बैठकीत रोज रात्री दास्तान रंगायची. कथा ऐन वळणावर आली होती. नायक आणि नायिका समोरासमोर, मध्ये फक्त एक पडदा. नेमकं तेव्हाच त्या रईसाला परगावी जाणं भाग पडलं. मी येईपर्यंत सांभाळून घ्या, एवढंच तो दास्तानगोला म्हणाला आणि गेला. काही दिवसांनी परतला, तसाच बैठकीत येऊन बसला, तर पडदा अजून उचललेला नव्हता. मधल्या सगळ्या रात्री उस्तादांनी त्या पडद्याचं कापड, त्यावरची जर, अलीकडच्याची धडधड आणि पलीकडचीचा संकोच सांगण्यात काढल्या होत्या, आणि एकही श्रोता उठून गेला नव्हता. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण या कसबाला नाव आहे: दास्तान रोकना.

गोष्ट चालू असताना उशिरा आलेल्या माणसाचं काय करायचं, याला मुळात दोनच वाटा आहेत. झालेलं थोडक्यात सांगून त्याला पुढे आणून बसवायचं, नाहीतर तो येईपर्यंत गोष्टच रोखून धरायची. टीव्हीवरच्या मालिकांनी दोन्ही वाटा भरपूर चोखाळल्या. ‘मागील भागात’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चाळीस सेकंदांच्या तुकड्यांपासून ते आठवडाभर न संपणाऱ्या हळदीच्या समारंभापर्यंत सगळं या दोन वाटांवरच येतं. आपण त्या तुकड्यांना कंटाळतो आणि त्या समारंभांना हसतो. मला मात्र वाटतं की चालू कथेत मागाहून आलेल्याला जागा करून देणं ही कथनाची फार मोठी कला आहे, आणि ती समजून घ्यायला लखनौइतकं योग्य शहर दुसरं नाही.

हजरतगंजात नवल किशोर रोड आहे. मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ साली, म्हणजे उठावाची राख पुरती निवली नव्हती तेव्हा, या शहरात छापखाना काढला. पुढे याच छापखान्याने तोंडी चालत आलेली अमीर हम्जाची दास्तान लिहून घेऊन छापायला सुरुवात केली. तिच्यातल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिलेला पहिला खंड १८८३चा. जाह चार खंडांनंतर बाजूला झाले, अहमद हुसैन क़मर यांनी सूत्रं घेतली. हम्जाची सगळी दास्तान मिळून ४६ खंड झाले. रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी, म्हणजे युद्ध, मैफल, जादूनगरी आणि बहुरूपी हेरगिरी, अशा चार अंगांनी ती फुगत जाते. एवढ्या पसाऱ्यात वाचक हरवू नये म्हणून दास्तानीचं एक ठरीव वळण असतं. एक धागा मध्येच सोडायचा असला की लेखक सरळ सांगतो, आता अमक्याच्या हकिकतीचे दोन शब्द ऐका, आणि त्या माणसाला आपण कुठे, कोणत्या संकटात सोडलं होतं ते सांगून मगच पुढे निघतो. शिवाय अय्यार असतातच. ते एका छावणीतली बातमी दुसऱ्या छावणीत नेतात. सरदाराला वृत्तान्त कळतो, आणि कालची रात्र चुकलेल्या श्रोत्यालाही. आजच्या मालिकेत शेजारच्या काकू किंवा घरातली मदतनीस हेच काम करते. ‘अहो, परवा वहिनींनी कागद फाडले म्हणे!’ हे वाक्य ती स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगत असते, पण ते असतं परवाचा भाग न पाहिलेल्यासाठी.

नवल किशोर यांचंच ‘अवध अखबार’ हे उर्दू वृत्तपत्र. रतननाथ सरशार १८७८मध्ये त्याचे संपादक झाले आणि ‘फसाना-ए-आज़ाद’ त्यात क्रमशः येऊ लागलं. आज़ाद नावाचा नायक, सोबतीला खोजी नावाचा बढाईखोर अफूबाज, आणि हुस्नआराच्या अटीपायी तुर्कस्तान आणि रशियाच्या युद्धापर्यंतची भटकंती. १८८०मध्ये पुस्तक निघालं ते तीन हजारांहून अधिक पानांचं. सरशारांनी मधल्या वाचकासाठी काही खास सोय केली नव्हती. सोय रचनेतच होती. कुठलंही पान उघडा, तो दिवस, ती जत्रा, ती गल्ली स्वतःपुरती पूर्ण असते. पुढे प्रेमचंदांनी याच ग्रंथाचा हिंदीत संक्षेप केला, ‘आज़ाद कथा’ या नावाने. एवढा मोठा कादंबरीकार दुसऱ्याच्या कथेला कात्री लावायला बसतो, याचा अर्थ या कामाची किंमत त्याला कळत होती. काय ठेवलं की खोजी खोजी राहील आणि काय गाळलं तरी चालेल, हे ठरवायला कथाकारच लागतो. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ची सुरुवात १८९०ची. एक अंक हुकला की शेजाऱ्याकडे धाव घ्यायची, हे तेव्हापासूनचं.

लखनौ दूरदर्शन सुरू झालं २७ नोव्हेंबर १९७५ला. मुंबई दूरदर्शन त्याच्या तीन वर्षं आधीचं, २ ऑक्टोबर १९७२चं. सुरुवातीच्या काळात दोन्हीकडे कथा म्हटली की एका भागात आटोपणारी बरी, असाच कल दिसतो. ‘चिमणराव’ पाहायला मागचा भाग पाहिलेला असण्याची गरज नव्हती. लखनौ केंद्रावर के. पी. सक्सेना यांची ‘बीबी नातियोंवाली’ आली आणि तिथल्या घरांमधली म्हातारी पडद्यावर आली. रेल्वेत नोकरी केलेले, लखनौच्या बोलीवर जीव असलेले हे विनोदी लेखक. मराठी वाचकांना ते दुसऱ्या वाटेने ठाऊक आहेत. आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’ आणि ‘स्वदेस’चे संवाद त्यांचे. ‘लगान’च्या आरंभी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात दुष्काळ, संस्थानं आणि इंग्रजांची छावणी दोन मिनिटांत मांडून होते, आणि १८९३चं गाव प्रेक्षकाच्या ओळखीचं होतं. गोष्टीला उशीर झालेल्या सगळ्या काळालाच तिथे आत बसवून घेतलं आहे.

पण चालू मालिकेत प्रेक्षकाला कसं सामील करून घ्यायचं, याचा भारतीय टीव्हीवरचा मोठा धडा दिला तो लखनौ विद्यापीठात शिकलेल्या एका लेखकाने. मनोहर श्याम जोशी. अमृतलाल नागरांना ते गुरू मानत. हे नागर म्हणजे लखनौच्या चौकातले कादंबरीकार. आपल्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ त्यांनीच हिंदीत नेला, ‘आँखों देखा गदर’ म्हणून. जोशींनी लिहिलेलं ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ला सुरू झालं आणि १७ डिसेंबर १९८५पर्यंत चाललं. दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. कल्पनेचं मूळ मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांच्या समाजप्रबोधनाच्या मालिकांमध्ये, आणि त्यामागे तेव्हाचे माहिती आणि प्रसारण मंत्री वसंत साठे यांच्या १९८२च्या मेक्सिको भेटीची पार्श्वभूमी सांगितली जाते. पहिले काही भाग कुटुंबनियोजनाच्या उपदेशाने जड झाले होते. प्रेक्षक कंटाळले. तेराएक भागांनंतर जोशींनी उपदेश उतरवला आणि माणसं वर आणली, तेव्हा देश त्या घरात राहायला गेला.

त्या मालिकेच्या प्रत्येक भागाचा शेवट आठवून पाहा. कथा थांबते, आणि अशोककुमार समोर येतात. तीस-चाळीस सेकंद. आज थोरल्या मुलीने, बडकीने, काय केलं, बाप बसेसरराम कसा वागला, नन्हेचं स्वप्न कुठे अडकलं, आणि तुम्हाला काय वाटतं. मग निरोप घेताना मालिकेचं नाव भारतातल्या वेगवेगळ्या भाषांत. हा सारांश आरंभी नसून शेवटी होता, हीच त्यातली खुबी. त्या दिवशी पूर्ण भाग पाहिलेल्याला ते बोलणं विचार करायला लावी, आणि शेवटची पाच मिनिटंच मिळालेल्याला पुढच्या भागापुरता हात देई. दिवा गेला म्हणून अर्धा भाग हुकलेल्या घरासाठी ते फार मोलाचं होतं. अवधात काय आणि विदर्भात काय, मालिका हुकण्याचं सगळ्यात मोठं कारण तेव्हा वीज हेच होतं. या मालिकेला चार लाखांच्या आसपास पत्रं आल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. लोक अशोककुमारांना लिहीत, घरातल्या वडीलधाऱ्याला लिहावं तसं. बडकीने लग्न करावं की नाही, हे त्यांनी तिला समजावून सांगावं म्हणून.

इथे मला जे म्हणायचं आहे ते येतं. अशोककुमार नुसत्या घटना सांगत नव्हते. कोणाचं काय दुखलं आणि कोण कोणाच्या विरुद्ध उभं राहिलं, ते सांगत होते. उशिरा आलेल्याला नेमकं तेच हवं असतं. आजीला नातवाने विचारावं, ‘कुठपर्यंत आलं?’ तर ती कधीच क्रमाने सांगत नाही. ‘अगोबाई, त्या पोरीचं काही खरं नाही आता. सासऱ्याला सगळं कळलंय, पण तो बोलत नाहीये.’ दोन वाक्यांत पोरगा आत. कुणाबद्दल हळहळायचं आणि कुणावर डोळा ठेवायचा, हे त्याला कळलं. लग्न कोणत्या हॉलमध्ये झालं हे नंतर कळलं तरी चालतं.

हे कौशल्य किती जुनं आहे ते पाहायला लखनौहून सुमारे ९० किलोमीटरवर जावं लागतं, सीतापूर जिल्ह्यात, त्याच गोमतीच्या काठी. नैमिषारण्य, तिथल्या लोकांच्या बोलण्यात नीमसार. शौनकाच्या बारा वर्षांच्या सत्रात ऋषी जमले होते, तिथे उग्रश्रवा सौती आला. जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने महाभारत सांगितलं, ते ऐकून तो आलेला. हे ऋषी तिथे नव्हते. त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि सांग म्हणाले. म्हणजे आपल्या हातात असलेलं महाभारतच मूळ कथन हुकलेल्यांसाठी सांगितलेलं आहे. आणि सौती सुरुवात कशी करतो? आधी अनुक्रमणिका, मग पर्वसंग्रह. पूर्ण कथा आधीच थोडक्यात सांगून टाकतो. त्या अनुक्रमणिकेतच धृतराष्ट्राचा विलाप आहे. श्लोकामागून श्लोक तो एकेक घटना घेतो, द्रौपदीचं स्वयंवर, लाक्षागृहातून पांडवांचं निसटणं, द्यूतानंतरचं सगळं, आणि प्रत्येक ठिकाणी म्हणतो की हे कानावर आलं तेव्हा जयाची आशा मी सोडली. अख्खं महाभारत पुत्रशोकात बुडालेल्या एका आंधळ्या बापाच्या बाजूने येतं. जगात याहून चांगला ‘मागील भाग’ मला माहीत नाही.

भीष्मपर्वात तर संजय रणांगणावरून परततो तोच भीष्म पडल्याची बातमी घेऊन. दहा दिवसांचं युद्ध झालेलं आहे. धृतराष्ट्र कोसळतो आणि म्हणतो, पहिल्यापासून सांग. मग संजय मागे जातो, आणि त्या मागे जाण्यातच गीता येते. हुकलेलं ऐकवण्याच्या ओघात एवढा ग्रंथ सांगितला गेला, हे लक्षात घेतलं की ‘मागील भागात’कडे पाहण्याची नजर बदलते. राही मासूम रज़ा यांनी बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’साठी ‘समय’ हा निवेदक योजला तो याच परंपरेतला. हरीश भिमाणींचा आवाज सुरू झाला की दर रविवारी नव्याने येणारं माणूसही चटकन बैठकीत बसायचं. रामानंद सागरांच्या ‘रामायण’ची गोष्ट वेगळी. २५ जानेवारी १९८७ला ते सुरू झालं, तेव्हा कथा कुणालाच सांगायची नव्हती. अवधातल्या पोरांना रामलीलेमुळे कोणत्या रात्री काय होतं ते ठाऊक. कामावरून दमून आलेला माणूस फक्त विचारायचा, ‘अजून वनातच आहेत का?’

कथेखेरीज चालू कार्यक्रमांमध्येही हाच प्रश्न आहे. आकाशवाणीच्या बातम्यांच्या शेवटी ठळक बातम्या पुन्हा एकदा सांगितल्या जात, त्या उशिरा रेडिओ लावलेल्यासाठी. क्रिकेटच्या समालोचनात बाळ ज. पंडितांसारखी माणसं धावसंख्या पुन्हा पुन्हा सांगत, कारण पानाच्या टपरीवर नुकताच थांबलेला माणूस त्यांना डोळ्यांसमोर दिसत असे. टीव्हीवर ते राहून गेलं होतं. चित्र दिसतंय, मग सांगायचं कशाला! इंग्लंडात स्काय वाहिनीचे डेव्हिड हिल मध्येच सामना लावून बसले की गुण कळेपर्यंत खोळंबून राहायचे आणि वैतागायचे. १९९२मध्ये त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात गुणसंख्या आणि वेळ कायमची लावून ठेवली. वरिष्ठांना ती मुळीच रुचली नव्हती. आज ती पट्टी नसलेला सामना कुणी पाहू शकेल का?

लखनौतच आणखी एक शाळा आहे जिथे हे रोज शिकवलं जातं, आणि ती एका मराठी माणसाने उभी केली. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६मध्ये सुरू केलेलं संगीत महाविद्यालय, आता विद्यापीठ, कैसरबागेत वाजिद अली शाहच्या परीखान्यात आहे. ख्यालाची बढत अर्धा तास चाललेली असताना कुणी दारातून आत आलं, तरी त्याला फार वेळ उपरं वाटत नाही. आवर्तन संपतं, मुखडा येतो, समेवर सगळे एकत्र येतात, आणि नव्याला कळतं की आपण कुठे आहोत. ख्यालाच्या बांधणीतच ती दयाळूपणाची जागा आहे.

रोजच्या मराठी मालिकांनी हा मुखडा आपल्या पद्धतीने शोधला. सह्याद्रीवरची ‘दामिनी’ १९९७ची, दररोजची. मग खासगी वाहिन्या आल्या. ‘चार दिवस सासूचे’ २००१पासून २०१३पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. एवढा प्रवास कोण अखंड करणार? म्हणून दुपारचं पुनःप्रक्षेपण, रविवारचा महाएपिसोड, आणि गोष्ट रोखून धरणं. एक धक्का, सहा जणांचे सहा चेहरे, प्रत्येकाभोवती फिरणारा कॅमेरा. टीका करणाऱ्यांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. पण संध्याकाळी साडेसात-आठला मराठी घरात काय चाललेलं असतं ते पाहिलं म्हणजे हिशेब कळतो. कणीक मळलेली आहे, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या आहेत, मुलाचा गृहपाठ अर्धा आहे. ती बाई मालिका पाहण्यापेक्षा ऐकत जास्त असते. तव्यावरची पोळी उलटून ती दारापर्यंत येते, सहा चेहऱ्यांपैकी चौथा तिला दिसतो, आणि काय झालं ते तिला समजतं. लखनौच्या उस्तादांनी रईसासाठी पडदा अडवून धरला, इथे तो हिच्यासाठी धरला जातो. त्या संथपणात फाफटपसारा आहे, मान्य. तरी तो कोणासाठी आहे हे विसरू नये.

‘मागील भागात’चं संकलन हे तर स्वतंत्र कसब. वरवर वाटतं की कालच्या भागातले चार तुकडे जोडले. खरं तर निवड कालच्यावरून होत नाही, आज काय होणार त्यावरून होते. आज जर हरवलेला भाऊ दारात उभा राहणार असेल, तर आठ महिन्यांपूर्वीचा त्याचा एक कटाक्ष शोधून काढावा लागतो. म्हणून सराईत प्रेक्षक ‘मागील भागात’ पाहून पुढचं ओळखतो. जुना चेहरा दिसला रे दिसला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, आज हा येणार. सांगायचं तर आहे, पण फोडायचं नाही, या कात्रीत संकलकाला रोज सापडावं लागतं.

आता यंत्रं आली आहेत. फोनवरच्या कित्येक अ‍ॅपवर सात दिवस मागे जाता येतं, चालू कार्यक्रम पहिल्यापासून लावता येतो. लखनौत राहणाऱ्या मराठी घरांना तर याचा फारच आधार. मुंबईच्या वाहिनीवरचा आठचा भाग रात्री अकराला, सगळं आवरून पाहता येतो. मात्र त्याच पडद्यावर मागचा सारांश वगळण्याचं बटणही आहे, आणि बोट आपसूक तिकडे जातं. अ‍ॅमेझॉनने २०२४च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सारांश लिहून घ्यायला सुरुवात केली, ‘तुम्ही पाहिलंत तिथपर्यंतचाच’ असा. कल्पना उत्तम आहे. पुढच्या वर्षी त्याचे चित्रफितींचे सारांशही आले, आणि ‘फॉलआउट’ या मालिकेच्या बाबतीत गफलत झाली. २०७७ सालातला प्रसंग यंत्राने १९५०च्या दशकातला म्हणून सांगितला. त्या मालिकेतलं भविष्य मुद्दाम जुन्या अमेरिकेच्या वेशात उभं केलेलं आहे, आणि नेमका तोच तिचा जीव आहे. प्रेक्षकांनी चूक दाखवली, ते सारांश मागे घेतले गेले. यंत्राला कपडे दिसले, कथा कळली नाही. हे सुधारेल, यात मला शंका नाही. पण तोवर आणि त्यानंतरही, काय सांगायचं हे कथा जगलेल्या माणसाने ठरवावं.

मोठा प्रश्न फोन नसलेल्यांचा आहे, किंवा फोन मुलाच्या खिशात असलेल्यांचा. डीडी फ्री डिश म्हणजे २००४च्या डिसेंबरात सुरू झालेली दूरदर्शनची मोफत सेवा. अवधातल्या खेड्यांत आणि मराठवाड्यातल्या वाड्यांवर छपरावर दिसते ती तबकडी बहुतेक हीच. तिथे मागे जाता येत नाही. आज दुपारी शेतावर असलेल्या बाईचा भाग गेला तो गेला. तिच्यासाठी वाहिनीच्या हातात एकच साधन आहे, तो चाळीस सेकंदांचा आरंभ. आणि तो आज केवळ चित्रांचा असतो. झपाझप बदलणारे चेहरे, ढोल, एखादं तुटक वाक्य. चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या बाईला, डोळ्यांनी अधू झालेल्या आजोबांना त्यातून काहीच मिळत नाही.

मराठी वाहिन्यांनी हा आरंभ पुन्हा बोलका करावा. मालिकेतल्याच एखाद्या पात्राच्या तोंडून, रोज चार-पाच वाक्यं: कोण कुठे अडकलं आहे, कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही. हेच मधल्या जाहिरातींनंतर आणखी एकदा, दोन वाक्यांत, कारण निम्मे लोक तेव्हाच येऊन बसतात. यासाठी नवं तंत्र लागत नाही. संवादलेखकाचं दिवसाला अर्धं पान आणि ध्वनिमुद्रणाची दहा मिनिटं लागतात, आणि लिहिणाऱ्याला त्या दिवशी कोण काय चुकलं असेल याचा विचार करावा लागतो.